बांधकामाच्या साइटवरच्या मजुरांच्या मुलांना शिकवायला जायचंय?

आधी ज्या संस्थेकडून जाणार तिला आठवड्यातला वेळ खराखुरा सांगा, रोज येतो म्हणून गायब होण्यापेक्षा फक्त शनिवार धरा पण तो चुकवू नका. मुंबईत १९८८ ला सुरू झालेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था वस्तीत, बांधकामाच्या साइटवर, अगदी बसमध्येसुद्धा वर्ग घेते, तिथे विचारून बघा. पोरं कुठकुठून आलेली, कुणी घरी लमाणी बोलतं कुणी हिंदी, त्यामुळे पहिल्या दिवशी पुस्तक उघडूच नका, नावं, गाणी, गोष्टी, बास. बारा वर्षांची पोरगीही अ आ इ लाच अडलेली असू शकते, म्हणून वय सोडा, वाचता किती येतं ते बघून गट पाडा. काम संपलं की कुटुंब दुसऱ्या साइटवर जातं, कोण कुठवर आलंय ते लिहून ठेवा, पुढच्या ताईंना लागतं. आणि पोरांचे फोटो स्टेटसला टाकू नका राव.