शेअर वाढले, वाटा घटला: कंपनीचे कागद वाचताना या चुका टाळा

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी मोबाइल घेऊन खाली आले. "नफा वीस टक्क्यांनी वाढलाय, मग शेअर का पडतोय? बघ जरा."

बीएसईच्या साइटवर कंपनीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत त्याचा तक्ता, उघडला. काकांनी प्रवर्तकांचा (कंपनीच्या मुख्य मालकांचा) टक्का पाहिला, 'ठीक आहे' म्हणाले आणि फोन खिशात घालायला निघाले. इथेच बहुतेकांची गाडी चुकते. मोबाइलवर तो तक्ता अर्धाच दिसतो. पुढे सरकवत गेलं की वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क) आणि पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या इतर रोख्यांचा रकाना येतो, आणि त्याच्यापुढे, सगळ्यांचे शेअर झाले तर कोणाचा टक्का किती उरेल तो रकाना. काकांच्या कंपनीत तिथे एक कोटी वॉरंट बसले होते.

वीजबिलाच्या पाठीमागे हिशोब मांडला. आधी शेअर ४ कोटी, नफा २० कोटी, म्हणजे शेअरमागे ५ रुपये. मग ६० लाख शेअर निवडक लोकांना दिले आणि वर हे १ कोटी वॉरंट. सगळे धरले तर ५.६ कोटी शेअर, नफा २४ कोटी, शेअरमागे ४ रुपये २९ पैसे. नफा वाढला तो कंपनीचा, काकांच्या वाट्याचा घटला. "म्हणजे आपलं ४० टक्के पातळ झालं?" नाही, तीही एक नेहमीची चूक. शेअर ४० टक्क्यांनी वाढले. जुन्यांचा वाटा शंभरावरून ७१.४ वर आला, म्हणजे सुमारे २८.६ टक्के घटला. भागायचं ते नव्या एकूण आकड्याने.

वॉरंटची गंमत अशी की आज ते शेअर नसतातच. सेबीच्या नियमांनुसार घेणाऱ्याने सुरुवातीला २५ टक्के रक्कम भरायची आणि उरलेली १८ महिन्यांत. १२० रुपयांच्या वॉरंटला आज फक्त ३० रुपये. भाव चढला तर बाकीचे ९० भरून शेअर पदरात. आपटला तर ३० रुपयांवर पाणी सोडायचं, ते कंपनी जप्त करते. म्हणून वॉरंट दिसले की शेअरसंख्येचे दोन आकडे लिहून ठेवा, रूपांतर झालं तर आणि नाही झालं तर.

हे सगळं आधी कळलं असतं का? हो. असा इश्यू काढायला, म्हणजे निवडक लोकांना शेअर किंवा वॉरंट द्यायला, भागधारकांचा विशेष ठराव लागतो आणि त्याची नोटीस भागधारकांना मेलवर येते. काकांच्या मेलमध्ये ती होती, न उघडलेली. लोक 'निधी उभारणीस संचालक मंडळाची मंजुरी' एवढी बातमी वाचून खूश होतात. नोटिशीच्या मागचं स्पष्टीकरण कोणी वाचत नाही. शेअर कोणाला, कोणत्या भावाने, त्यामागचा खरा मालक कोण, इश्यूच्या आधी आणि नंतर कोणाचा किती टक्का, हे सगळं तिथेच असतं.

'डायल्युटेड ईपीएस (संभाव्य शेअरही धरून काढलेला शेअरमागचा नफा) बघतो की मी' म्हणणाऱ्यांनी तोट्यातल्या कंपनीत जपून राहावं. तोटा जास्त शेअरवर वाटला तर शेअरमागचा तोटा कमी दिसतो, म्हणून इंड एएस ३३ या लेखामानकानुसार असे संभाव्य शेअर त्या गणितात धरतच नाहीत. बेसिक (संभाव्य शेअर न धरता काढलेला) आणि डायल्युटेड दोन्ही आकडे सारखे दिसतात आणि ईसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्यांना पुढे द्यायच्या शेअरांचा, ढीग मागे लपून राहतो. तो वार्षिक अहवालात शोधावा लागतो.

जुना भाव मनात धरून बसणं ही तर सगळ्यात महागडी चूक. येस बँक २०१८ मध्ये चारशेला होती, 'परत जाईल' असं आजही लोकलमध्ये ऐकू येतं. मार्च २०२० च्या आधी तिचे सुमारे २५५ कोटी शेअर होते. मग स्टेट बँक आणि इतर बँका-वित्तसंस्थांनी १० रुपये दराने १०,००० कोटी घातले, जुलैमध्ये १२ रुपयांनी १५,००० कोटींचा एफपीओ (बाजारात आधीच असलेल्या कंपनीची लोकांना नवी शेअरविक्री) आला. शेअर झाले सुमारे २,५०५ कोटी. त्यांना चारशेने गुणून बघा, १० लाख कोटी होतात. बँक त्या पैशांनी तरली हे खरंच, पण चारशेचा भाव दहापट कमी शेअरांचा होता.

उलट बाजूनेही घाबरू नका. बोनस किंवा स्प्लिटने शेअर वाढतात, वाटा तेवढाच राहतो. अधिकृत भांडवल वाढवणं म्हणजे फक्त वरची मर्यादा वाढवणं. क्यूआयपीचा (मोठ्या गुंतवणूकदार संस्थांना शेअर विकण्याचा) ठरावही नुसती परवानगी असते, ३६५ दिवसांत वाटप झालं नाही तर नवा ठराव लागतो.

तिमाही संपल्यावर २१ दिवसांत नवा पॅटर्न येतो. भांडवलात २ टक्क्यांहून जास्त बदल झाला तर १० दिवसांतच.

"मग विकू का?" काकांनी विचारलं. मी नोटिशीतलं पैसे कशासाठी उभारताहेत ते पान उघडून दिलं. नव्या प्लँटचा उल्लेख नव्हता. 'खेळतं भांडवल व सर्वसाधारण कामकाज' अशा अर्थाची एक ओळ होती. काकांनी ती दोनदा वाचली.