सोलर बसवताय? आधी माडाची सावली बघा

आधी वर्षभराची लाइटबिलं काढा. 1 किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरा, पावसाळ्यात बरंच कमी, म्हणजे महिन्याला 300 युनिट लागत असतील तर अडीच-तीन किलोवॅट पुरे.

मग सकाळी 9 ते दुपारी 3 दर तासाला छपरावर सावली कुठे पडते ते खडूने आखा, हे खरंच करा, कारण आमच्या मांद्र्याच्या घरी माडाच्या एका झावळीची सावली एका पॅनलवर पडायची आणि त्याच्याबरोबर जोडलेल्या बाकीच्या पॅनलचंही उत्पादन खाली यायचं. पॅनलचं तोंड दक्षिणेला ठेवा.

समुद्र जवळ असेल तर पॅनलखालचं स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) घ्या, नटबोल्ट स्टेनलेसचे, आमचे साधे होते ते दोन पावसाळ्यांत गंजून लाल झाले. कौलांवर थेट वजन टाकू नका, खालचे वासे सुताराला दाखवा.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी 2 किलोवॅटला 60,000, 3 किंवा जास्तीला 78,000 रुपये, अर्ज योजनेच्या नॅशनल पोर्टलवर. आणि हो, बॅटरीशिवाय नेट मीटरवाली (जादा वीज लाइनला देऊन ती बिलातून वजा होणारी) सिस्टीम लाइट गेली की बंदच होते, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून, तेव्हा पावसात फ्रिज चालू ठेवायचा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरीवरही चालणारा) आणि बॅटरीचं आधीच विचारा.