धुरोबाशी कुस्ती: माझी सिगारेट कशी सुटली

सिगारेटची तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. प्रश्न ती मिनिटं काढायची कशी, हा असतो. मी ती मिनिटं एक गोष्ट रचत काढली.

डोळे मिटले की कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान, शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं. लाल माती, हलगी कडकडतेय, समोर तलफ पैलवान होऊन उभी. घाई करायची नाही. आधी सलामी, मग खडाखडी, तो पटात घुसतोय, मी मागे सरतोय. श्वास लांब घ्यायचा, सावकाश सोडायचा. तपशील जितके बारीक, तितकं मन तिथं गुंतायचं. नुसतं ‘नको, नको’ म्हणून माझं कधीच भागलं नसतं. मी पैलवानाचा ताबा घेईपर्यंत तलफ उतरलेली असायची. तांबडा-पांढरा रस्सा ओरपल्यावरची कुस्ती सगळ्यात अवघड, म्हणून हात धुतले की लगेच रंकाळा तलावाकडे चालायला निघायचो.

रात्री हीच गोष्ट लेकीला सांगायचो. त्या पैलवानाचं ‘धुरोबा’ हे नाव तिनंच ठेवलं. “बाबा, आज धुरोबा आलावता?” असं ती रोज विचारायची, आणि तिला खोटी कुस्ती सांगणं मला शक्यच नव्हतं. माझ्या मते खरं बळ इथंच मिळालं.

पहिला आठवडा जड जातो, कारण निकोटीन तुटल्यावर चिडचिड होते, झोप उडते. तेव्हा एकट्यानं झुंजू नका. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, आणि निकोटीनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. तुमचा पैलवान मात्र तुम्हीच रंगवा.