हंगामपूर्व मैत्रीपूर्ण फुटबॉल स्पर्धा: यजमान क्लबने आखणी कशी करावी

लीग सुरू होण्यापूर्वी क्लबने आपल्याच मैदानावर दोन-तीन पाहुण्या संघांना बोलावून दरवर्षी भरवलेली स्पर्धा बाहेरून फार सोपी दिसते. येथील निकालाचा लीगच्या गुणतक्त्याशी संबंध नसतो आणि हरलेला संघही हसत परत जातो. मात्र अशा स्पर्धेचा खरा हिशेब चषकाचा नसून मिनिटांचा असतो. कोणत्या खेळाडूला किती मिनिटे खेळवायचे आहे, हे प्रशिक्षकाकडून आधी लिहून घ्यावे आणि तारीख, पाहुणे संघ व सामन्यांची पद्धत त्यानुसार ठरवावी. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे होते: आधी चषक घडवला जातो, मग पाहुण्यांना होकार दिला जातो आणि अखेरीस तयार वेळापत्रक प्रशिक्षकाच्या हाती ठेवले जाते.

तारीख ठरवताना लीगच्या पहिल्या सामन्यापासून मागे मोजत यावे. हंगामपूर्व तयारी साधारणपणे पाच ते सहा आठवड्यांची असते. सुरुवातीच्या सराव सामन्यांत खेळाडूला ४५ मिनिटांपेक्षा जास्त खेळवत नाहीत, पुढे हा काळ साठ-सत्तर मिनिटांवर जातो आणि पूर्ण ९० मिनिटे खेळण्याची तयारी अगदी शेवटी होते. त्यामुळे दोन दिवसांत दोन सामने असलेली स्पर्धा लीगच्या दहा-बारा दिवस आधी ठेवणे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण तोवर अंगात दम आलेला असतो आणि किरकोळ दुखापत बरी व्हायला वेळही उरतो. बार्सिलोनाचा जोआन गाम्पर चषक ऑगस्टमध्ये, लीगच्या तोंडावर खेळला जातो हे खरे. परंतु नव्या हंगामाचा संघ प्रेक्षकांसमोर सादर करणे हा त्या संध्याकाळचा मोठा हेतू असतो आणि सामनाही एकच असतो.

पद्धत निवडताना घाई करू नये. सर्वांच्या परिचयाची पद्धत म्हणजे चार संघ, पहिल्या दिवशी दोन उपांत्य सामने आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाचा व अंतिम सामना. बायर्न म्युनिकच्या मैदानावर २००९ पासून एक वर्षाआड भरलेला ऑडी चषक याच धर्तीवर खेळला गेला. येथे हरलेल्या संघालाही दुसरा सामना मिळतो, हा मोठा फायदा आहे. अडचण अशी, की चोवीस तासांच्या आसपास दोन सामने आल्याने प्रत्येक संघाजवळ किमान बावीस खेळण्याजोगे खेळाडू लागतात. शिवाय दुसऱ्या दिवशी कोणाशी गाठ पडेल, हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही. आर्सेनलने २००७ मध्ये सुरू केलेल्या एमिरेट्स चषकात यावर चांगला तोडगा होता. चार संघांच्या जोड्या आधीच ठरलेल्या असत, प्रत्येकाला दोन सामने मिळत आणि विजय-बरोबरीच्या गुणांबरोबरच केलेल्या गोलांचेही गुण मिळत. गोलाला गुण असला की तीन गोलांनी पिछाडीवर पडलेला संघही आक्रमण सोडत नाही, आणि सरावाच्या दृष्टीने ते सोन्याहून पिवळे.

ज्या क्लबला ही स्पर्धा पहिल्यांदाच भरवायची आहे, त्याने मात्र तीन संघ आणि एक संध्याकाळ एवढ्यावरच थांबावे. इटलीत २००१ पासून खेळल्या गेलेल्या टिम चषकात मिलान, इंटर आणि युव्हेंटस हे संघ प्रत्येकी ४५ मिनिटांच्या सामन्यांत एकमेकांशी भिडत. तीन सामने आणि मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांची दोन मध्यंतरे धरली, तर पावणेतीन तासांत स्पर्धा उरकते आणि प्रत्येक संघाला नेमकी ९० मिनिटे मिळतात. यात एक बारीक मेख आहे. दोन संघ लागोपाठ दोन सामने खेळतात, म्हणजे त्यांच्यासाठी तो नेहमीसारखाच दोन सत्रांचा सामना ठरतो. पण पहिला आणि तिसरा सामना खेळणाऱ्या संघाला मध्ये सव्वा तास थांबावे लागते. तेवढ्या वेळात अंग थंड पडते आणि वॉर्म-अप पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. ही गैरसोय यजमानाने स्वतःकडे घ्यावी, कारण सरावाचे दुसरे मैदान, ड्रेसिंग रूम आणि फिजिओची खोली त्याच्या हाताशी असते.

यानंतरचे काम नियमपत्रिकेचे. ती दोन पानांहून मोठी नसावी, पण तिच्यात बदली खेळाडूंबद्दल संदिग्धता अजिबात ठेवू नये. मैत्रीपूर्ण सामन्यात नेहमीपेक्षा जास्त बदल करता येतात, मात्र कमाल संख्येवर दोन्ही संघांचे एकमत झालेले असावे आणि ते सामन्यापूर्वी पंचांना कळवलेले असावे, असे खेळाचे नियम सांगतात. हे कळवण्याचे काम सर्वांनी एकमेकांवर सोडून दिलेली एक स्पर्धा मी चौथ्या पंचाच्या, म्हणजे रेषेबाहेरून बदलांवर लक्ष ठेवणाऱ्या पंचाच्या, टेबलाशेजारी बसून पाहिली आहे. साठाव्या मिनिटाला पाहुण्या संघाचे नऊ खेळाडू बिब (राखीव खेळाडूंनी जर्सीवर घालायची बंडी) काढून रेषेजवळ रांगेत उभे राहिले. चौथ्या पंचाकडे बदलाच्या चिठ्ठ्या तीनच होत्या, रांगेतल्या दोघांच्या पाठीवर एकच क्रमांक होता, आणि पंचांनी नियमावर बोट ठेवल्यावर दोन्ही प्रशिक्षक मिळून संयोजकाला शोधू लागले. खेळ सहा मिनिटे थांबला. तेव्हापासून मी बदलांची कमाल संख्या ठळक अक्षरांत लिहून तिच्याखाली दोन्ही संघ व्यवस्थापकांच्या सह्या घेतो आणि त्या कागदाची एक प्रत नाणेफेकीपूर्वी पंचांच्या हातात देतो.

बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. युवा, ज्येष्ठ, दिव्यांग आणि तळागाळातील फुटबॉलमध्ये संघटनेच्या परवानगीने तशी मुभा देता येते. वरिष्ठ व्यावसायिक संघांच्या सामन्यात ती नसते. लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरवू द्या, अशी विनंतीही एखादा प्रशिक्षक ‘शेवटी सराव सामनाच आहे’ असे म्हणत करतो. ती नम्रपणे नाकारावी. खेळ सुरू झाल्यानंतर बाहेर काढलेल्याच्या जागी बदली मिळत नाही, आणि दहा जणांनिशी खेळण्याचा सरावही कधीतरी व्हायलाच हवा.

बरोबरी झाल्यास जादा वेळ न देता थेट पेनल्टी शूटआउट घ्यावे, कारण थकलेल्या पायांना आणखी तीस मिनिटे पळवण्यात कोणाचेच हित नसते. स्पेनमधील काडिझ येथे १९५५ पासून भरणाऱ्या रामोन दे कारान्सा या मैत्रीपूर्ण स्पर्धेने १९६२ सालीच अंतिम सामन्याचा निकाल पेनल्टींवर लावला होता. खेळाच्या नियमांत ही तरतूद १९७० मध्ये आली. उकाडा असेल तर प्रत्येक सत्रात ‘कूलिंग ब्रेक’ ठेवावा. त्याची मर्यादा दीड ते तीन मिनिटे असते. नुसते पाणी पिण्यासाठी थांबायचे असल्यास एक मिनिट पुरते.

निमंत्रण तोंडी देऊ नये. प्रवास व निवासाचा खर्च कोण करणार, मानधन किती, सरावाचे मैदान कोणत्या वेळी मिळणार आणि पहिल्या फळीतील किती खेळाडू येणार, हे पत्रातच असावे. शेवटचा मुद्दा लिहिताना अवघडल्यासारखे होते, तरी लिहावा, नाहीतर नावाजलेल्या क्लबचा गणवेश घालून त्याचा युवा संघ उतरतो आणि तिकीट काढून आलेले प्रेक्षक यजमानाला बोल लावतात. पाहुणा संघ परदेशी असेल तर राष्ट्रीय संघटनेची मान्यता आधी घ्यावी लागते. पंचही संघटनेकडूनच मागवावेत. आपल्या क्लबच्या माजी खेळाडूच्या हातात शिटी देऊ नये. जर्सीचे रंग महिनाभर आधी मागवून प्रत्येक सामन्याचा रंगतक्ता बनवावा आणि त्यात गोलरक्षकांचे रंगही धरावेत.

मैदानाकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दोन दिवसांत चार सामने झाले की गोलमुखासमोरचा, गोलरक्षक सतत वावरतो तेवढा पट्टा सर्वांत आधी उघडा पडतो, आणि तोही निम्मा सामन्यात व निम्मा वॉर्म-अपमध्ये. म्हणून गोलरक्षकांचा वॉर्म-अप हलवता येणाऱ्या गोलपोस्टवर, पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर घ्यावा. असे गोलपोस्ट जमिनीला घट्ट जखडलेले असणे बंधनकारक आहे. दोन सामन्यांच्या मध्ये चार-पाच माणसांनी उखडलेले गवताचे तुकडे पायाने दाबून बसवावेत आणि हलके पाणी मारावे. मैदानाची दुरुस्ती चालू असेल, तर त्या वर्षी स्पर्धा रद्द करण्यात कमीपणा मानू नये. एमिरेट्स चषकही २०१६ मध्ये मैदानाच्या कामामुळे झाला नव्हता.

सामने सुरू असताना एका माणसाकडे फक्त मिनिटांची वही द्यावी. कोण कितव्या मिनिटाला आत आला, कितव्या मिनिटाला बाहेर गेला, आणि लंगडत गेला की चालत, एवढेच त्याने टिपायचे. तिन्ही-चारही संघांच्या नोंदी त्याच रात्री स्वच्छ उतरवून ज्याच्या त्याच्या प्रशिक्षकाला द्याव्यात. पाहुणा प्रशिक्षक पुढच्या वर्षीची तारीख विचारतो तो बहुधा ही वही हाती पडल्यावरच, तेव्हा ती तारीख संयोजकाच्या खिशात तयार असावी.