वाडा लग्नाला देताय? फलक रंगवण्याआधी एवढं करा

पुतण्यानं आमचा वाई तालुक्यातला वाडा लग्नांना भाड्यानं द्यायला काढला आणि दिंडी दरवाजाशी फलक लावला: ‘साडेतीनशे वर्षांचा शिवकालीन वाडा’. मी बत्तीस वर्षं तलाठी होतो, मला गप्प बसवेना. म्हटलं, पुरावा काय? तर म्हणे, ‘आजी सांगायची.’

आजीचं लिहून घ्याच, पण रंगारी लगेच बोलावू नका.

बहुतेक जण आधी सातबारा शोधतात. गावठाणातल्या वाड्याचा सातबारा नसतो. त्यासाठी ग्रामपंचायतीत नमुना आठ, म्हणजे घरपट्टीची आकारणी बघा. गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. सातबारा निघतो तो मागच्या मळ्याचा, जिथं आता मांडव पडतो. त्यावरचा एकेक फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, तिचा नंबर धरून मागं मागं जा. आमच्याकडं एक फेरफार इनाम खालसा झाल्याचा निघाला, 1952 च्या कायद्यातला. दुसरा कुळकायद्याचा: 1 एप्रिल 1957, कृषक दिन, कसणारी कुळं मालक झाली. घरात मात्र ते रान ‘आजोबांनी वाटून टाकलं’ असंच सांगतात.

मग माळ्यावरचा जुन्या कागदांचा रुमाल सोडा. मोडी कागद उन्हात टाकू नका, लॅमिनेशन तर नकोच. फोटो काढा आणि जाणकाराकडून वाचून घ्या. आमच्या एका कागदावर ‘खमस सबैन मया व अलफ’ असं साल होतं. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार: झाले 1175. हे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांत अरबी आकड्यांनी लिहायची कालगणना. त्यात 599 मिळवा, 1774. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळं कागद जानेवारी ते मे मधला असेल तर 600 मिळवायचे. घरात काहीच नसेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. पण तिथं गावाचं आणि घराण्याचं नाव पक्कं करून जा, नाहीतर दिवस फुकट जातो.

एवढं होऊनही तो कागद जमिनीचा असतो, घराचा नव्हे. म्हणून शिडी लावा. मी आमचं एक कौल उलटून पाहिलं: मंगळुरी, पाठीवर छाप. बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला. म्हणजे हे छप्पर त्याआधीचं असूच शकत नाही. खालचे सुरूचे खांब आणि चुन्यातल्या पातळ विटा जुन्या वाटतात, पण नुसत्या वाटण्यावर साल टाकू नये.

माडीच्या एका तुळईवर ऑइलपेंट होता. खरवडला तर आत कोळसा. गांधीहत्येनंतर 1948 मध्ये सातारा भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यात आमची माडीही गेली होती. वडील याबद्दल कधीच बोलले नाहीत. अशी गोष्ट गावातल्या दोन-तीन वेगवेगळ्या घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, वेगवेगळं बसवून. मला त्या रात्री विहिरीचं पाणी ओढणाऱ्यांतला एक जण भेटला. आमचंच रान कसणाऱ्या कुळाचा मुलगा.

आता फलकावर आहे: ‘घराण्याचा सर्वांत जुना कागद 1774. छप्पर 1865 नंतरचं. माडी 1948 मध्ये जळाली, पुन्हा बांधली.’ पुतण्या कुरकुरला, लग्नघरी जळाल्याचं कशाला? मी ओळ खोडली नाही. त्यानं फलक दिंडीवरून काढून ओसरीच्या आत लावला.