जुन्या सागवानाच्या पट्ट्या न तडकता कशा वाकवाव्यात

पाडलेल्या चाळींचं सागवान मुंबईत रे रोडच्या वखारींत किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात मिळतं. खुर्चीची गोल कड किंवा आरशाची चौकट दुरुस्त करायला हेच लाकूड घ्या, कारण नव्या सागाचा रंग शेजारी जुळत नाही.

वाकण्याचं निम्मं काम निवडीतच होतं. पट्टी कडेने बघा: रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच तिरप्या बाहेर पडत असतील, तर पट्टी तिथूनच चिरफळणार, कितीही वाफ द्या. गाठ किंवा जुन्या खिळ्याचं भोक असलेला भाग सोडून द्या. जुनं पॉलिश पूर्ण खरवडा, नाहीतर पाणी आत शिरत नाही. मग रंध्याने जाडी सगळीकडे सारखी 2 मिमी करा. जिथे पातळ राहील तिथेच कोन पडतो.

पट्टी अर्धा ते एक तास पाण्यात ठेवा. रात्रभर भिजवून फायदा नाही. तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं ते ओल आणि उष्णता एकत्र आली की, साधारण 100 अंशांच्या आसपास. नुसत्या पाण्याने ते होत नाही.

50-60 मिमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा पाइप शिकंज्यात घट्ट धरा आणि आत हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) गरम हवा सोडा; पट्टी याच तापलेल्या पाइपवर वाकवायची. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप नको, फार तापला तर धूर विषारी असतो. पाइपवर पाण्याचा थेंब टाका. चुर्र करून लगेच उडाला तर ताप बरोबर. गोळी होऊन घरंगळला तर जास्त, लाकूड करपेल.

लाकूड दाबलं जातं, पण ताणलं फारसं जात नाही, म्हणून तडा बाहेरच्या बाजूला जातो. तिथे स्टेनलेसचा पातळ पत्रा लावून पट्टी पत्रा आणि पाइप यांच्यामध्ये धरा. साधा लोखंडी पत्रा ओल्या लाकडावर काळे डाग पाडतो. पट्टी सतत पुढे-मागे सरकवत हलका दाब द्या. लाकूड मऊ पडलं की हाताला स्पष्ट कळतं, जोर तेव्हाच लावायचा. वाफ यायची थांबली तर पुन्हा ओलं करा. आतल्या बाजूला सुरकुत्या आल्या तर घाई झाली किंवा पट्टी जाड राहिली.

गरम असतानाच प्लायच्या फर्म्यावर, म्हणजे हव्या त्या बाकाच्या साच्यावर, क्लॅम्प करा. सुटल्यावर पट्टी थोडी उलगडते, त्यामुळे फर्म्याचा बाक हव्या त्याहून जरा जास्त ठेवा. एरवी एक दिवस पुरतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दोन-तीन दिवस पंख्याखाली राहू द्या. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी जोडाची बाजू ॲसिटोनने पुसून घ्या.