सेल्फ फिरतो, पण पिकअप चालू होत नाही: आधी सायलेन्सर बघा

सेल्फ फिरतोय आणि इंजिन उचलत नाहीये, तर पहिलं काम म्हणजे सेल्फ मारणं थांबवा. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगावचा लिलाव चुकेल या धास्तीनं ड्रायव्हर किल्ली धरूनच बसतात. मग मूळ बिघाड राहतो बाजूला, बॅटरी उतरते आणि सेल्फही जळतो. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर थांबायचं.

मी सांगतोय ते यांत्रिक पंपाच्या (नोजलला दाबानं डिझेल देणाऱ्या) जुन्या डिझेल पिकअपचं. या इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबली जाऊन तापली आणि त्यात डिझेलचा बारीक फवारा आला की काम झालं. म्हणून क्लीनरला सेल्फ मारायला सांगा आणि स्वतः मागे जाऊन सायलेन्सर बघा. धूर अजिबातच नाही, तर डिझेल आत पोचत नाही. पांढरट धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. एवढं कळलं की निम्मी शोधाशोध वाचते.

बॅटरी मात्र दोन्हीकडे तपासा. मीटरवर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना काटा १० च्या बराच खाली गेला, तर सेल्फ फिरेल, पण हवा तापेल इतका जोरात फिरणार नाही. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यानं धुवा आणि इंजिन ते चेसिसची अर्थिंगची पट्टी घट्ट आहे ना ते बघा.

धूर नसेल तर आधी स्टॉप, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करणारी यंत्रणा, बघा. केबलची गाडी असेल तर केबल ओढलेल्या जागीच अडकते. पंपावरचा स्टॉपचा दांडा बोटानं मागे ढकलून बघा. सोलेनॉइड (करंटवर चालणारा स्टॉप) असेल तर इग्निशन चालू ठेवून त्याची वायर काढून पुन्हा टेकवा. ‘टक्’ आवाज यायला हवा. नाही आला तर टेस्ट लॅम्प लावा. करंटच नसेल तर फ्यूज आणि वायर तपासा.

हे ठीक असेल तर डिझेलच्या लाइननं एअर धरलीय, म्हणजे तिच्यात हवा शिरलीय, असं समजून कामाला लागा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन-तीन आटे सैल करा, खाली चिंधी धरा आणि हँडपंप मारा. आधी फसफसून फेस येतो. मग धार लागते, पण तिच्यात मोहरीएवढे बुडबुडे असतात. मधेच एक मोठा बुडबुडा फुटतो आणि धार तुटते. बहुतेक जण पहिली धार दिसली की स्क्रू आवळतात, आणि गाडी चालू होऊन दोन मिनिटांत बंद पडते. धार सलग, काचेसारखी स्वच्छ झाल्यावरही आणखी पंचवीसेक हात मारा, आणि पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग पंपावरच्या एअर स्क्रूमधूनही तशीच हवा काढा. तरी उचलत नसेल तर नोजलकडचे (डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोटीकडचे) पाइपाचे नट एकेक आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उडायला लागलं की आवळा. हात आणि तोंड लांब ठेवा. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं; सुई टोचल्याएवढी जखम दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

एअर काढली आणि दुसऱ्या दिवशी परत तेच, तर ती कुठून येते ते शोधा. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ही लाइन ओढीवर चालते, म्हणून चिरलेला रबरी पाइप बाहेर थेंबही न सांडता हवा आत घेतो. ‘गळत नाही, म्हणजे पाइप चांगला’ हे इथे चालत नाही. सरळ परीक्षा करा: स्वच्छ डिझेलचा कॅन फीड पंपापेक्षा उंच ठेवा आणि त्यातून वेगळा पाइप फीड पंपाला जोडा. एअर काढल्यावर गाडी चालू राहिली, तर दोष टाकीकडच्या भागात आहे: पाइप, तांब्याचा वायसर, टाकीतली जाळी किंवा झाकणाचं बुजलेलं भोक. फिल्टरच्या तळातलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. पाणी असेल तर खाली बसलेलं दिसेल.

पांढरा धूर असेल तर एअर फिल्टर आणि, गाडीला असतील तर, हीटर प्लग (थंड इंजिनात हवा तापवणारे) बघा. निफाडकडच्या थंडीत रिंगा झिजलेलं इंजिन पहाटे हमखास त्रास देतं. सेल्फ एकदम हलका, दम न लागता फिरत असेल, तर कॉम्प्रेशन (हवा दाबली जाणं) गेलंय किंवा टायमिंग (व्हॉल्व आणि पिस्टनचा मेळ) सुटलंय. अशा गाडीला धक्काही मारू नका. हवेच्या नळीत पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे कधीच नको, इंजिन फुटू शकतं.

कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल) गाडीचे पाइप मात्र सैल करायचेच नाहीत, तिथला दाब हजार बारच्या वर जातो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर संशयित, आणि ते स्कॅनरवाल्याचं काम.

फिटर आल्या आल्या पंप खोलायला काढत असेल तर त्याला थांबवा. धुराचा रंग, सेल्फ मारतानाचे व्होल्ट आणि कॅन लावून काय झालं, हे तीन त्याला सांगा. कॅनवर गाडी चालू झाली असेल, तर पंपाला हात लावू देऊ नका.